सांगाड्याचे कूळ : निवृत्त शर्यत-गाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : उद्यमबागेत आमचे टर्निंग-फिटिंगचे छोटे वर्कशॉप आहे. बंद पडलेल्या एका फाउंड्रीच्या मागच्या शेडमधले भंगार घेताना एकाच माणसाने बसायची, चारही चाके उघडी असलेली शर्यतीची गाडी आमच्याकडे आली. आसनाच्या मागे तीन सिलिंडरचे, कार्ब्युरेटर असलेले इंजिन आहे, वर लाल रंगाची फायबरची बॉडी आहे आणि नाकावर 7 हा आकडा पुसटसा दिसतो. आरसी बुक नाही, कोणताही कागद नाही. ही गाडी मद्रासकडे शर्यती जिंकलेली आहे आणि पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेल्या एका चालकाने ती चालवलेली आहे, असे देणाऱ्याने सांगितले. खंडेनवमीच्या आधी तिला नवा रंग देऊन पूजेला उभी करावी, असे वडिलांचे म्हणणे आहे. तिचा खरा इतिहास कसा शोधावा?
– एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : आपल्या वडिलांना माझा नमस्कार सांगावा आणि माझ्या वतीने त्यांना एक विनंती करावी. खंडेनवमीला गाडी जरूर पूजेला उभी करा, पण आहे त्याच अवस्थेत, नुसती धूळ पुसून. रंग मात्र इतक्यात देऊ नका. ज्या गाडीला कागद उरलेला नाही, तिच्या बाबतीत जुना रंग, अर्धवट सुटलेले स्टिकर, रिबिटांची भोके आणि वेल्डिंगच्या खुणा हाच काय तो लेखी पुरावा असतो. डेंटिंग-पेंटिंगवाल्याने एका दुपारी मशीनने घासून काढलेला पुरावा पुन्हा कोणालाही उभा करता येत नाही.

आरसी बुक नाही म्हणून काळजी करण्याचे कारण नाही. शर्यतीसाठीच बांधलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायची नसते, त्यामुळे तिची आरटीओकडे नोंदणी होत नाही. ती ट्रकमधून मैदानावर नेली जाते आणि ट्रकमधूनच परत येते. तिचे कागद वेगळ्या प्रकारचे असतात. बांधणाऱ्याने दिलेला सांगाड्याचा (चॅसिसचा) क्रमांक, प्रत्येक शर्यतीआधीच्या तांत्रिक तपासणीचे कागद, प्रवेशयादी, निकालपत्रक आणि एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाताना झालेला व्यवहार, एवढ्यांवरून तिचा इतिहास जोडावा लागतो. ही साखळी मधे तुटली, तर तुटलेल्या जागेच्या पलीकडचा पराक्रम या गाडीच्या नावावर मांडता येत नाही.

आता आपल्या वर्णनावरून काय निघते ते पाहू. तीन सिलिंडरचे कार्ब्युरेटरचे इंजिन, ते आसनामागे, आणि बॉडी फायबरची, हे सारे ऐकल्यावर पहिला विचार येतो तो फॉर्म्युला मारुतीचा. कोइम्बतूरचे एस. करिवर्धन यांनी 1980च्या दशकाच्या अखेरीस मारुती 800चे इंजिन घेऊन एकआसनी शर्यत-गाडीची रचना केली. ‘फॉर्म्युला इंडिया सिंगल सीटर मारुती इंजिन’ या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘फिस्मे’ असेही म्हटले जाई. त्याआधी चेन्नईच्या उत्तरेला, शोलावरमच्या दुसऱ्या महायुद्धकालीन धावपट्टीवर ज्या एकआसनी गाड्या धावत, त्यांत परदेशातून आणलेल्या महागड्या गाड्या आणि घरच्या घरी जुळवलेल्या गाड्या एकाच रांगेत उभ्या राहत. ज्याची ऐपत मोठी त्याची गाडी पुढे, असा प्रकार फार होता. सर्वांना एकसारखे, देशात मिळणारे आणि कोणत्याही गावात दुरुस्त होणारे इंजिन दिल्यामुळे चालकाचे कसब प्रथमच उघड दिसू लागले. भारतीय शर्यतींसाठी परदेशी गाड्यांच्या सगळ्या ताफ्यांनी मिळून जेवढे केले, त्याहून अधिक या लहानशा गाडीने केले, असे माझे मत आहे. करिवर्धन यांचे 1995 मध्ये विमान अपघातात निधन झाले. कोइम्बतूरजवळ 2003 मध्ये सुरू झालेल्या करी मोटर स्पीडवेला त्यांचेच नाव दिलेले आहे.

परंतु ‘वाटते’ आणि ‘आहे’ यांत अंतर ठेवायला हवे. आपल्याकडे वर्कशॉप आहे, तेव्हा पहिली तपासणी आपणच करू शकता. सिलिंडर हेड उघडण्याची वेळ आली, तर व्हर्नियरने बोअर मोजा आणि पिस्टनचा वरचा व खालचा बिंदू पकडून स्ट्रोक मोजा. मारुती 800च्या मूळ इंजिनाचा बोअर 68.5 मिलिमीटर आणि स्ट्रोक 72 मिलिमीटर असतो, त्यावरून तीन सिलिंडरचे मिळून 796 घन सेंटिमीटर होतात. घासलेले इंजिन रिबोअर केलेले असेल, तर बोअर किंचित वाढलेला सापडेल. स्ट्रोक मात्र क्रँकशाफ्टवर ठरतो, म्हणून त्याच्यावर अधिक भरवसा ठेवावा. याच मापावरून आणखी एक शंका मिटते. बेळगाव, हुबळी, कोल्हापूर या पट्ट्यात अभियांत्रिकी महाविद्यालये बरीच असल्यामुळे ही एखादी विद्यार्थ्यांनी बांधलेली गाडी तर नव्हे, असे कोणीही विचारील. विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धांत इंजिनाची मर्यादा आधी 610 आणि नंतर 710 घन सेंटिमीटर अशी राहिलेली आहे, शिवाय पेट्रोल इंजिनात हवा आत जाण्याच्या वाटेवर 20 मिलिमीटरचा निमुळता अडसर बसवावाच लागतो. आपले इंजिन 796चे निघाले, तर ते त्या नियमात बसत नाही. चार सिलिंडरचे 1300 सीसीचे सुझुकी इंजिन असते, तर एलजीबी फॉर्म्युला या दुसऱ्या भारतीय शर्यत-वर्गाच्या गाड्यांकडे पाहावे लागले असते. तीन प्लग दिसत असल्याने ती वाट आपोआप बंद होते.

इंजिनावरून गाडीचा प्रकार कळतो, विशिष्ट गाडी कळत नाही, ही गोष्ट मी मुद्दाम ठळकपणे सांगतो, कारण जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत बहुतेक फसवणूक इथेच होते. शर्यतीच्या गाडीचे इंजिन हा बदलायचाच भाग असतो. जगातले सर्वांत गाजलेले शर्यतीचे इंजिन घ्या. कॉसवर्थ डीएफव्ही 1967 मध्ये नेदरलंड्समधल्या झांडफोर्टला चालक जिम क्लार्क यांच्या लोटस 49 या गाडीत पहिल्यांदा धावले आणि त्याच शर्यतीत जिंकले. पुढे त्याने फॉर्म्युला वनच्या 155 शर्यती जिंकल्या. ती इंजिने एका गाडीतून काढून दुसरीत, एका संघाकडून दुसऱ्या संघाकडे अशी सतत फिरत राहिली. म्हणून ‘या इंजिनाने शर्यत जिंकली’ या वाक्यावरून ‘या गाडीने शर्यत जिंकली’ असे म्हणता येत नाही. रंगाचेही तसेच. लोटस 72 ही गाडी 1970 ते 1975 अशी सहा हंगाम धावली, तिने 20 ग्रां प्री, म्हणजे फॉर्म्युला वनच्या शर्यती, जिंकल्या, आणि तिच्या डोळ्यांसमोर येणाऱ्या छबी दोन आहेत : आधीची लाल-पांढरी-सोनेरी आणि 1972 पासूनची काळी-सोनेरी. रंग प्रायोजकाबरोबर बदलला, सांगाडे तेच राहिले. अभ्यासक त्या गाड्यांचा इतिहास सांगाड्याच्या क्रमांकाने लिहितात; 1970 मध्ये इटलीतल्या मोंझाला चालक योखेन रिंट ज्या गाडीत मृत्यू पावले, तिची नोंद ‘72/2’ अशीच केली जाते. शेताचा मालक बदलला, पीक बदलले, तरी उतारा सर्व्हे नंबरवरच निघतो. शर्यतीच्या गाडीत तो सर्व्हे नंबर म्हणजे सांगाडा.

तेव्हा सगळे लक्ष सांगाड्यावर द्या. बॉडीचे स्क्रू सोडवून फायबरचे भाग अलगद बाजूला ठेवा. फायबरच्या आतल्या, न रंगवलेल्या बाजूला बांधणाऱ्याने पेन्सिलीने किंवा मार्करने लिहिलेला क्रमांक कित्येकदा सापडतो, म्हणून तिथे थिनर फिरवू नका. मग नळ्यांचा सांगाडा पुढून मागे नीट पाहत जा. आसनासमोरची आडवी नळी, पेडलांच्या वरचा भाग, चालकाच्या डोक्यामागची कमान आणि इंजिनाच्या पुढची भिंत, या जागांवर क्रमांकाची पट्टी बसवलेली असण्याचा संभव सर्वांत अधिक. पट्टी नसेल, तर तिची जागा शोधा. एकमेकांपासून ठरावीक अंतरावर असलेली दोन किंवा चार लहान भोके, त्यांच्या भोवती आयताकृती फिकट डाग, आणि त्या आयताच्या आत रंगाचा एक थर कमी, असे दिसले तर तिथे पट्टी होती एवढे नक्की. अक्षरे नळीवरच ठोकलेली असतील, तर ती रंगाखाली बुजलेली असतात. टॉर्च नळीला जवळजवळ चिकटवून आडवा प्रकाश पाडला की खोलगट आकडे सावलीमुळे वर येतात. वायर ब्रश वापरू नका.

वेल्डिंगबद्दल आपल्याला मी काय सांगावे, आपले हातच त्यात मुरलेले आहेत. तरीही एक नजर टाका : संपूर्ण सांगाड्याचे सांधे एका हाताचे दिसतात काय? मूळ बांधणीत एकाच माणसाच्या वेल्डिंगची लय सगळीकडे सारखी असते. पुढच्या कोपऱ्यात दोन-तीन सांधे निराळ्या जातीचे, जाड, ओबडधोबड असतील, किंवा नळीच्या आत दुसरी नळी घालून जोड दिलेला असेल, तर तिथे अपघातानंतर दुरुस्ती झालेली आहे. हा दोष मानू नका. डाव्या पुढच्या कोपऱ्याची अशी दुरुस्ती आणि एखाद्या जुन्या छायाचित्रात डावे पुढचे चाक मोडून कडेला उभी असलेली गाडी, या दोन गोष्टी जुळल्या, तर तेवढा एक पुरावा दहा तोंडी साक्षींच्या तोडीचा ठरतो.

रंगाचे थर वाचण्याची पद्धत अशी. बॉडीवर सहसा नजरेला न पडणारी, नाकाच्या खालची रुपयाएवढी जागा निवडा. आधी 400 आणि मग 800 नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून, बोटाने, गोल फिरवत सावकाश घासा. मध्यभागी खोल आणि कडेला उथळ असे घासले गेले की झाडाच्या खोडावर असतात तशी वर्तुळे उमटतात : वरचा लाल, त्याखाली कदाचित पांढरा प्रायमर, त्याखाली निळा किंवा पिवळा, आणि तळाशी फायबरचा स्वतःचा रंग. प्रत्येक थराचा फोटो दिवसाच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून घ्या. नाकावरचा 7 हा आकडा नेमका कोणत्या थरावर आहे, हे यातूनच कळेल. तो सर्वांत वरच्या थरावर असेल, तर ती शेवटच्या मालकाची खूण असेल आणि मद्रासच्या विजयाशी तिचा काही संबंध नसेलही. आकडा हा गाडीचा नसून त्या शर्यतीतल्या प्रवेशाचा किंवा त्या हंगामाचा असतो. पुढच्या वर्षी तीच गाडी 12 किंवा 31 क्रमांक घेऊन उतरू शकते.

चालकाला आसनाशी बांधणारे, खांद्यावरून येणारे पट्टे अजून जागेवर असतील, तर त्यांच्या टोकाला शिवलेले लेबल पाहा. मोटर शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या (एफआयए) 8853/98 या मानकाच्या पट्ट्यांवर, ते कोणत्या वर्षानंतर चालणार नाहीत, ते वर्ष छापलेले असते, आणि ही मुदत साधारण पाच वर्षांची असते. समजा तिथे 2004 असे छापलेले निघाले, तर गाडी 2000 च्या आसपास किंवा त्यानंतर कोणीतरी चालवत होते. पट्टे बदलता येतात, म्हणून यावरून गाडीचा जन्म ठरत नाही; तिचे अखेरचे सक्रिय दिवस मात्र ठरतात. टायरच्या बाजूवर छापलेला आठवडा-वर्षाचा आकडा असल्यास त्याचाही उपयोग असाच मर्यादित आहे.

आता त्या चालकाविषयी. फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेले भारतीय चालक दोनच, नारायण कार्तिकेयन आणि करुण चंडोक. दोघांनीही आपल्या कारकिर्दीच्या आरंभी फॉर्म्युला मारुती चालवलेली आहे, आणि चंडोक यांनी 2000 मध्ये त्या गटाचे राष्ट्रीय विजेतेपदही मिळवले. म्हणजे आपल्याला सांगितलेली गोष्ट अशक्य कोटीतली नाही. पण म्हणूनच ती जपून हाताळायला हवी, कारण या वर्गातली कोणतीही गाडी विकताना याच दोन नावांची आठवण निघणे साहजिक आहे. सिद्ध करायचे असेल तर क्रम असा राहील : प्रथम आपल्या सांगाड्याचा क्रमांक किंवा त्याची न बदलणारी खूण, नंतर तो सांगाडा त्या वर्षी कोणत्या संघाकडे होता याचा लेखी आधार, आणि शेवटी त्या संघातर्फे त्या शर्यतीत तो चालक त्याच गाडीत बसला होता याचे छायाचित्र किंवा पत्रक. या तिन्हींपैकी एक जरी निसटले, तरी ‘फॉर्म्युला मारुती वर्गातील गाडी’ एवढेच लिहावे आणि तेवढ्यावर अभिमानाने थांबावे.

शोध कुठे घ्यावा? मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब 1953 पासून चालू आहे. शोलावरमच्या शर्यती त्याच क्लबने भरवल्या आणि 1990 मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा 3.7 किलोमीटरचा कायमचा मार्गही त्यानेच उभा केला. त्या काळच्या शर्यतींची छापील कार्यक्रमपत्रिका निघत असे, तीत गाडीचा क्रमांक आणि चालक व गाडी शर्यतीत उतरवणारा यांची नावे असत. निकाल चेन्नईच्या इंग्रजी वृत्तपत्रांच्या क्रीडापानांवर सापडतात. याशिवाय आपल्या बंद फाउंड्रीच्या मालकांच्या घरी जाऊन सावकाश विचारा. बेळगाव आणि कोल्हापूरच्या ओतकामाचे व लेथकामाचे नाव दक्षिणेकडे चांगले होते. गाडी कास्टिंगच्या कामाच्या निमित्ताने, उधारीच्या बदल्यात किंवा हौसेखातर इकडे आली असेल. रस्ता तर एकच आहे. बेळगावच्या कडेने जाणारा, पूर्वी 4 आणि आता 48 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग हुबळी, बेंगळुरू करत चेन्नईला पोचण्याआधी इरुंगाट्टुकोट्टईच्या त्या शर्यतमार्गाजवळूनच जातो. घरच्या मंडळींचे म्हणणे ऐकताना कोणाचे वय त्या वेळी किती होते, कोणते लग्न किंवा कोणती मुंज त्या सुमारास झाली, असे विचारले म्हणजे वर्ष बऱ्यापैकी पकडता येते. जुने अल्बम पाहायला मागा. फोटोत गाडी सापडली, तर रंगाकडे न पाहता आरशांची जागा, रिबिटांच्या ओळी, कमानीचा बाक आणि फायबरमधल्या जुन्या तड्याची रेषा जुळवून पाहा.

इंजिन सुरू करण्याचा मोह आवरा. कित्येक वर्षे उभे असलेले इंजिन स्टार्टरने फिरवले, तर अडकलेल्या पिस्टनच्या रिंगा तुटतात आणि सिलिंडरवर ओरखडे पडतात. तिन्ही प्लग काढून प्रत्येक भोकात थोडे तेल सोडा, दोन दिवस तसेच राहू द्या आणि मग क्रँकच्या पुलीला पाना लावून हाताने फिरवून बघा. पेट्रोलची टाकी आधी उतरवून, पूर्ण रिकामी करून, वर्कशॉपबाहेर मोकळ्या हवेत ठेवा; तिच्या जवळपास वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग अजिबात नको. कधी गाडी चालवायचीच ठरली, तर डोक्यामागची कमान, पट्टे आणि स्टिअरिंगचे सांधे एखाद्या अनुभवी तपासनिसाकडून तपासून घेतल्याशिवाय आत कोणीही बसू नये. आणि चालवायची ती बंद मैदानात, हमरस्त्यावर कदापि नाही.

प्रश्न : बेंगळुरूच्या एका मॉलमध्ये फॉर्म्युला वनची गाडी पाहून आल्यापासून माझा मुलगा सांगतो, की नारायण कार्तिकेयन यांनी जिच्यातून अमेरिकेत चौथा क्रमांक मिळवला तीच ही गाडी. त्या शर्यतीत सहाच गाड्या होत्या, असे त्याचे मित्र चिडवतात. खरे काय? आणि ती गाडी पुढे का धावली नाही?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : आपल्या मुलाचे आणि त्याच्या मित्रांचे, दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर आहे.

ती गाडी म्हणजे जॉर्डन संघाची ईजे15. मागे टोयोटाचे तीन लिटरचे व्ही10 इंजिन, चाकांना ब्रिजस्टोनचे टायर. 2005 च्या हंगामात तिचे दोन चालक होते, 18 क्रमांकाच्या गाडीत पोर्तुगालचे टियागो मोंटेरो आणि 19 क्रमांकाच्या गाडीत कार्तिकेयन. 6 मार्च 2005 रोजी मेलबर्नला पहिली शर्यत झाली आणि कार्तिकेयन पंधरावे आले. फॉर्म्युला वनची शर्यत धावलेले ते पहिले भारतीय ठरले.

अमेरिकेची शर्यत 19 जूनला इंडियानापोलिसला झाली. त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे पात्रता फेरी आणि संपूर्ण शर्यत एकाच टायरसंचावर पार पाडावी लागे. सरावाच्या वेळी तेराव्या, तिरक्या बांधलेल्या वेगवान वळणावर मिशेलिनचा टायर निकामी होऊन राल्फ शूमाकर यांची टोयोटा भिंतीवर आदळली. आपले टायर त्या वळणावर पूर्ण शर्यत टिकतील याची हमी मिशेलिनला देता येईना. वळणाआधी वेग कमी करणारा अडथळा घालावा ही सूचना मान्य झाली नाही. तेव्हा मिशेलिनवर धावणाऱ्या 14 गाड्या तयारीची फेरी मारून सरळ आत निघून गेल्या. ब्रिजस्टोनच्या सहा गाड्या उरल्या. फेरारीचे मायकेल शूमाकर पहिले, रुबेन्स बॅरिकेलो दुसरे, मोंटेरो तिसरे, कार्तिकेयन चौथे, आणि मिनार्डीच्या दोन गाड्या त्यांच्या मागे. त्या चौथ्या क्रमांकाचे 5 गुण हेच कार्तिकेयन यांचे फॉर्म्युला वनमधले एकूण गुण राहिले.

मित्रांनी चिडवावे असे यात काही आहे, असे मला मुळीच वाटत नाही. ज्यांच्याकडे ब्रिजस्टोन टायर होते त्यांनी नियमाप्रमाणे पूर्ण 73 फेऱ्यांची शर्यत खेळली, आणि मिनार्डीशी लढत होतीच. पण मुलाला त्या गाडीचे खरे मोल दाखवायचे असेल, तर त्याच हंगामातल्या, जपानमधल्या सुझुकाच्या पात्रता फेरीकडे बोट दाखवा. पावसाच्या त्या दिवशी कार्तिकेयन यांनी, संपूर्ण ताफा हजर असताना, त्या अशक्त गाडीतून अकरावे स्थान मिळवले. जाणकार चौथ्या क्रमांकाइतकेच किंबहुना अधिक वजन त्या अकराव्या स्थानाला देतात. मोंटेरो यांचे कामही विसरू नये; 19 पैकी 18 शर्यती त्यांनी शेवटपर्यंत नेल्या. संघाला वर्षभरात मिळालेल्या 12 गुणांपैकी 7 त्यांचे होते.

पुढे का धावली नाही, याचे उत्तर नियमात आहे. 2006 पासून तीन लिटरच्या व्ही10 इंजिनाच्या जागी 2.4 लिटरचे व्ही8 इंजिन आले, त्यामुळे बहुतेक संघांच्या आदल्या वर्षीच्या गाड्या एका हिवाळ्यात मागे पडल्या. जॉर्डन हे नावही त्याच वेळी संपले. 1991 पासून 250 ग्रां प्री धावून त्यांतल्या चार जिंकलेला हा संघ मिडलँडने विकत घेतलेला होता. त्याचेच पुढे स्पायकर, 2008 मध्ये फोर्स इंडिया, मग रेसिंग पॉइंट आणि 2021 पासून अ‍ॅस्टन मार्टिन झाले. ईजे15च्या नशिबी कायमची विश्रांती आली.

राहिली मॉलमधली गाडी. एका हंगामासाठी संघ एकाच नमुन्याचे अनेक सांगाडे बांधतो, हंगामाच्या मध्यात भाग बदलतात (ईजे15ची सुधारित ‘बी’ आवृत्तीही त्याच वर्षी निघाली), आणि अपघातही होतात. ऑक्टोबरमध्ये शांघायला, जॉर्डनच्या अखेरच्या शर्यतीत, कार्तिकेयन यांची गाडी भिंतीवर जोरात आदळून मोडली. इंडियानापोलिसला धावलेला सांगाडा तोच होता की दुसरा, हे केवळ 19 या आकड्यावरून ठरत नाही. याउपर, मॉलमध्ये आणि वाहनमेळ्यात मांडली जाणारी गाडी पुष्कळदा प्रदर्शनासाठीच तयार केलेली असते : बाहेरून हुबेहूब, आत इंजिन नाही, आणि कधी शर्यतीत उतरलेलीच नाही. पुढच्या वेळी मुलाला बारीक पाहायला सांगा. ब्रेकच्या चकत्या खरोखरच्या कार्बनच्या, उष्णतेने करपलेल्या आहेत की रंगवलेल्या पत्र्याच्या, तळाची फळी जमिनीवर घासल्याच्या खुणा आहेत की कोरी करकरीत आहे, आणि माहितीच्या फलकावर सांगाड्याचा क्रमांक लिहिलेला आहे की नुसते वर्ष. क्रमांक लिहिलेला असेल, तर तो उतरवून घ्यावा आणि मग पुढचा तपास करावा.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या जुन्या तुकडीने बांधलेली फॉर्म्युला स्टुडंट गाडी वर्कशॉपच्या कोपऱ्यात पडून आहे. ती कोइम्बतूरला स्पर्धेत उतरली होती, एवढेच आम्हाला ठाऊक आहे. या वर्षीच्या गाडीसाठी तिचे भाग काढून सांगाडा भंगारात द्यावा, असा विचार चालू आहे. यात काही गैर आहे काय?
– एक विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : भाग काढण्यात गैर काही नाही, सांगाडा देऊ नका. एकाच सांगाड्यावर वर्षानुवर्षे स्पर्धेत उतरता येत नाही, हा त्या स्पर्धांचा नियमच असल्यामुळे तुमच्या जुन्या तुकडीची गाडी नियमानेच निवृत्त झालेली आहे. तिच्या नळ्या नव्या सांगाड्यात वापरण्याचा विचार तर सोडूनच द्या, कारण वापरलेल्या नळीला आतून किती ताण आणि गंज लागला आहे हे बाहेरून दिसत नाही, आणि नव्या गाडीत त्या नळीमागे तुमच्यापैकीच कोणाचे तरी पाय असणार आहेत.

तिचा इतिहास मात्र तुम्हाला आठवडाभरात लिहून काढता येईल, कारण तो अजून जिवंत माणसांच्या फोनमध्ये आहे. करी मोटर स्पीडवेवरच्या फॉर्म्युला भारत स्पर्धेत गाडीला आधी तपासण्या पार कराव्या लागतात. 60 अंशांपर्यंत कलंडवून इंधन गळते काय हे पाहणे, आवाज, ब्रेक, अशा प्रत्येक टप्प्याचा स्टिकर गाडीच्या नाकावर लागतो. तुमच्या गाडीवर ते स्टिकर असतील, तर कोणता टप्पा पार झाला आणि कोणता राहिला, हे आजही वाचता येईल. सगळे टप्पे पार झाले असतील, तर पुढे 75 मीटरचा वेगवर्धन, आठच्या आकड्याचे वळण, वळणावळणाच्या मार्गावरची ऑटोक्रॉस फेरी आणि चालक बदलून सुमारे 22 किलोमीटरची सहनशक्तीची फेरी, यांपैकी गाडी कशात धावली ते निकालपत्रकात मिळेल. सहनशक्तीच्या फेरीत अनेक गाड्या मधेच थांबतात. तुमची थांबली असेल, तर कितव्या फेरीत आणि कोणता भाग तुटून थांबली, हे त्या तुकडीच्या मुलांना फोन करून नक्की विचारा आणि तो तुटलेला भाग कोणाच्या घरी ठेवणीत असेल, तर मागवून घ्या. नव्या गाडीचा आराखडा करताना गुणांपेक्षा त्या भागाचाच तुम्हाला अधिक उपयोग होईल.

डोक्यामागच्या कमानीच्या पायथ्याशी, जिथे ताण कमी असतो अशा जोडपट्टीवर, गाडीचे वर्ष आणि अनुक्रमांक असलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी रिबिटाने बसवा. कमानीच्या नळीला स्वतःला भोक पाडू नका. तोच क्रमांक नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहा, स्टिकरांचे आणि सांध्यांचे फोटो त्यासोबत लावा, आणि वहीची एक प्रत विभागाच्या ग्रंथालयात रीतसर नोंदवून ठेवा. कोणता भाग कोणत्या तारखेला काढून नव्या गाडीत गेला, हेही त्याच वहीत लिहीत चला.